रुग्णशुश्रूषेचा वारसा आणि आपला माळी समाज

समाजाच्या इतिहासात लढाया, वतने आणि दानपत्रे यांच्या नोंदी विपुल सापडतात. रोग्याच्या उशाशी रात्र जागून काढणाऱ्या माणसाची नोंद मात्र क्वचितच कोणी करून ठेवतो. सावित्रीबाई फुले यांच्या बाबतीतही थोडेबहुत असेच झाले आहे. मुलींची पहिली शाळा आपल्या घरोघरी मुखोद्गत आहे. परंतु त्यांच्या अखेरच्या कार्याचा उल्लेख आपण एका वाक्यात आटोपतो. ते कार्य रुग्णसेवेचे होते, आणि त्याची पूर्वपीठिका चौतीस वर्षांची होती. ती या अंकाच्या निमित्ताने समाजबांधवांपुढे ठेवावी, असा आमचा हेतू आहे.

इ. स. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्या काळी विधवेस दिवस गेले म्हणजे तिला विहीर तरी जवळ करावी लागे, नाही तर जन्मलेल्या जिवाचा घात तरी करावा लागे. अशा स्त्रीने गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल ठेवून जावे अथवा घेऊन जावे, अशी तेथे सोय होती. आलेल्या स्त्रीला तिच्या दुःखाचा जाब विचारावयाचा नाही, हा त्या घराचा दंडक होता. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा या दांपत्याच्या आश्रयास आली व १८७४ साली प्रसूत झाली. तिचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. ज्याचे प्राण शुश्रूषेमुळे वाचले, त्यानेच पुढे शुश्रूषेचा वसा घेतला.

१८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांचे उजवे अंग लुळे पडले. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. सावित्रीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. जोतीरावांनी डाव्या हाताने लेखणी धरून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्णत्वास नेले. या दुखण्यात घरची आर्थिक ओढाताण इतकी झाली की मामा परमानंद यांना बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांच्याकडे साहाय्यासाठी शब्द टाकावा लागला. आजारपण एका माणसास येते, परंतु ते सोसावे लागते साऱ्या घरास, हा अनुभव त्या थोर घरालाही चुकला नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे देहावसान झाले.

त्यानंतर सहा वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगास यांनी गाठीच्या प्लेगचा रोगी ओळखला. पुढील हकिकत केवळ रोगाची नाही, ती भीतीची आहे. रोग्यास उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेत. तेथे गेलेला परत येत नाही, आपला धर्म व आपली माणसे दोन्ही तेथे अंतरतात, अशी लोकांची समजूत झाली. ऑक्टोबरात गिरणीकामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे सोल्जर घरात शिरून झडती घेऊ लागले, तेव्हा लोक रोग्यांना माळ्यावर व अडगळीत लपवू लागले. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडच्या वधाच्या प्रयत्नात झाला; थोड्याच दिवसांत तो मरण पावला.

रोग्याला वेगळे ठेवणे हे शास्त्रास धरून होते. त्याला गुन्हेगारासारखे ओढून नेणे मात्र माणुसकीस सोडून होते. हा भेद ओळखून मुंबईत निरनिराळ्या जातीजमातींनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. आपल्या भाषेत बोलणारे माणूस जवळ आहे एवढ्यानेच रोगी तेथे यावयास राजी होई. आपल्याच समाजाचे कामगारपुढारी रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत प्लेगग्रस्त कामगारांच्या सेवेत स्वतःस झोकून दिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला.

याच सुमारास सावित्रीबाई व डॉ. यशवंतराव यांनी हडपसरनजीक ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. जागा गावाबाहेरची, मोकळ्या हवेची. प्लेगचा जंतू येर्सिन याने १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधला होता. परंतु तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो हे सिमाँ याने १८९८ मध्ये दाखविले. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्रतिबंधक लस स्वतःला टोचून घेतली होती; पण ती निरोग्यासाठी, रोग्यासाठी नव्हे. सारांश, रोग जडल्यावर त्यास हमखास औषध असे नव्हतेच. घोटभर पाणी, स्वच्छ अंथरूण, तापाने तळमळणाऱ्याच्या कपाळावर ओली घडी आणि धीराचा शब्द, हाच बव्हंशी उपचार होता. तो करणाऱ्याला रोगाच्या अगदी निकट जावे लागे.

मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा मुलगा प्लेगने पडला, हे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

येथे समाजबांधवांनी क्षणभर थांबावे. जातीजातींची रुग्णालये निघत असता आपल्या समाजाच्या मळ्यातील या दवाखान्याने रोग्याची जात विचारली नाही. ज्या मुलासाठी सावित्रीबाईंनी देह ठेवला तो आपल्या जातीचा नव्हता. ज्या पुत्राच्या हाताखाली तो बरा झाला तोही जन्माने आपला नव्हता. तेव्हा त्यांच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या जातिसंस्थेवर त्या नावाबरोबरच केवढी जबाबदारी येते, याचा विचार आपण केला पाहिजे.

आमचे झरी गाव परभणी–जिंतूर रस्त्यावरचे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि मोठ्या दवाखान्यासाठी दृष्टी वळे ती दूर हैदराबादकडे. मराठवाड्यास औरंगाबाद येथे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली मिळाले, अंबाजोगाईस पुढे १९७०–८० च्या दशकात. परभणीस ते २०२३ साली लाभले. झरीत आज प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. २०१७ पासून शासनाची जीवनदायी योजना महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालते. ज्या महापुरुषाच्या उपचारासाठी मित्रांना दुसऱ्याच्या दारी जावे लागले, त्याच्याच नावाने आज गरिबाची शस्त्रक्रिया होते, ही इतिहासाने केलेली भरपाईच म्हणावयाची.

तथापि इमारत आणि योजना यांनी रोग्याचे एकटेपण सरत नाही. २०२० साली करोनाची साथ आली, १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झाला, आणि रोग लपविण्याची जुनी भीतीही पुन्हा दिसली. खेड्यातला वृद्ध रोगी जिल्ह्याच्या रुग्णालयात गेला म्हणजे कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यावा येथपासून त्याची अडचण सुरू होते. सोबतचा नातलग व्हरांड्यात अंग टाकतो. घरी शुश्रूषेचा सारा भार सुनेवर व लेकीवर पडतो. आणि त्याच लेकीने परिचारिकेचे शिक्षण घेऊ म्हटले की आपल्याच घरातील वडीलधारी नाक मुरडतात. सावित्रीबाईंच्या तसबिरीस हार घालून परिचारिकेच्या पेशास कमी लेखणे, हे आम्हांस शोभणारे नाही.

आमची सूचना मोठ्या खर्चाची नाही. झरी व आसपासच्या गावांतील तरुणांनी पाळीपाळीने परभणीच्या रुग्णालयात जाऊन खेड्यातून आलेल्या रोग्यास वाट दाखवावी, त्याचे कागद भरून द्यावे, त्याच्याजवळ दोन घटका बसावे. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना समाजाने शिष्यवृत्ती द्यावी आणि गुणगौरव समारंभात त्यांना पहिल्या रांगेत बसवावे. १० मार्चचा दिवस केवळ भाषणांत न घालविता या कामाचा वार्षिक आढावा घेण्याचा दिवस म्हणून पाळावा. आणि हे करताना समोरच्या रोग्याची जात विचारू नये. ससाणे मळ्याची रीत तीच होती.