कपाळावरची काळी पट्टी

आज स्वीडनला जायचंय, पण वाट आपल्या कडलूरवरून जाते.

गेओर्ग कार्ल फॉन डोबेल्न, जन्म १७५८. घरच्यांना त्याला पाद्री करायचं होतं. हा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढायचं म्हणून फ्रान्सला गेला, ला मार्क रेजिमेंटमध्ये भरती झाला, आणि रेजिमेंट निघाली हिंदुस्थानला! फौजेत हे असंच. मागावं पुणं, मिळावं तेजपूर. १७८३ मध्ये कडलूरला बुसीच्या हाताखाली तो इंग्रजांशी लढला. (कडलूरजवळचा सेंट डेव्हिड किल्ला इंग्रजांनी १६९० मध्ये मराठ्यांकडून विकत घेतलेला. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.) इंग्रजांचा मोठा हल्ला झाला १३ जूनला. बरोबर सहा वर्षांनी, १३ जून १७८९ रोजी, फिनलंडमधल्या पोरासाल्मीच्या लढाईत त्याच्या कपाळात रशियन गोळी लागली. कवटीवर शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून कपाळावर काळी रेशमी पट्टी, जन्मभर.

१८०८ मध्ये रशियानं फिनलंडवर चढाई केली. फिनलंड तेव्हा स्वीडनचं. युटासला डोबेल्न तापानं फणफणला असताना उठून आला आणि लढाई जिंकली, पण युद्ध हातचं जात होतं.

मार्च १८०९. समुद्र गोठलेला. ओलांड बेटांवर डोबेल्न, आणि समोर त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी रशियन फौज. बेटं गेली की पुढे बर्फावरून थेट राजधानी स्टॉकहोम. त्यातच १३ मार्चला स्टॉकहोमच्या राजवाड्यात आडलरक्रॉयट्स आणि इतर अधिकाऱ्यांनी राजालाच अटक केली. मागे राजा नाही, पुढे शत्रू. डोबेल्ननं एकीकडे तहाची बोलणी लावली, दुसरीकडे माणसं बर्फावरून मुख्य भूमीवर काढली. १९ मार्चला कुल्नेवचे घोडेस्वार ग्रिसलहाम्नच्या किनाऱ्यावर पोचले. तिथून स्टॉकहोम शंभरेक किलोमीटर. पण शस्त्रसंधी मान्य करून रशियन सेनापती क्नोरिंगनं त्यांना परत बोलावलं. बर्फ फुटण्याची धास्ती त्यालाही होतीच. तरी राजधानी वाचली, त्यात डोबेल्नच्या जिभेचा वाटा तलवारीपेक्षा मोठा, असं माझं मत.

फिनलंड मात्र गेलं. ८ ऑक्टोबर १८०९ रोजी उमेओला त्यानं फिनिश सैनिकांना निरोप दिला.

आता १८१३. जर्मनीत नेपोलियनविरुद्ध मोहीम. हॅम्बुर्गनं मदत मागितली. युवराज कार्ल योहानचा तसा हुकूम नव्हता. डोबेल्ननं तरी बटालियन धाडल्या. युवराज भडकला, फौज परत बोलावली, आणि मे संपता संपता शहर फ्रेंचांच्या हाती पडलं. कोर्ट मार्शल झालं, शिक्षा मृत्युदंडाची.

इथे मी थोडा अडखळतो. एका पुरात, मी कॅप्टन असताना, एका गावची माणसं होड्या मागायला आली होती. आमच्या होड्यांना दुसरीकडचा हुकूम होता. मी हुकूम पाळला. चौकशी झाली नाही, बढती वेळेवर मिळाली. त्या माणसांचे चेहरे आजही आठवतात. म्हणून डोबेल्न चुकला, असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही. आणि युवराजाचंही समजतं: प्रत्येक जनरल असा वागू लागला तर मोहीम चालायची कशी?

मृत्युदंडाऐवजी त्याला वॉक्सहोमच्या किल्ल्यात ठेवलं. स्टॉकहोमकडे येणाऱ्या सागरी वाटेवरचा पहारेकरी, तोच हा किल्ला. पुढे माफी मिळाली.

१६ फेब्रुवारी १८२० रोजी तो स्टॉकहोममध्येच वारला. योहान्नेस चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. दगडावर तीन शब्द कोरलेत: मान, कर्तव्य, इच्छाशक्ती. जवळच्याच एका रस्त्याला त्याचं नाव आहे, डोबेल्न्सगाटान.