डिस्कवरचे लग्न मोबाईलवर आणताना : कोडेक-रूपांतराचा विचार

ऊसतोडीहून माणसे परतली की बीड जिल्ह्यात लग्नसराईला जोर चढतो. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या पट्ट्यातल्या लग्नांचे शूटिंग २०१० नंतरच्या काही वर्षांत हाय-डेफिनिशन कॅमेऱ्यांवर होऊ लागले आणि घरोघरी ब्लू-रे किंवा डीव्हीडी-आर डिस्क आल्या. आज त्या लावायला प्लेअर उरलेला नाही. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड कारखान्याकडे निघते, तेव्हा कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, सोबत असतो तो मोबाईल. त्यामुळे ‘डिस्क मोबाईलमध्ये टाकून द्या’ ही मागणी रास्तच आहे. पण ती पुरी करताना सरसकट सगळे ‘कन्व्हर्ट’ केले जाते आणि चित्राचे कायमचे नुकसान होते. अनेकदा चित्राला हात लावण्याची गरजच नसते, आणि गरज असली तरी मूळ प्रत पुसण्याचे काहीच कारण नसते.

आधी डिस्कवर काय असते ते पाहू. ब्लू-रेच्या नियमावलीत चित्रासाठी तीन कोडेक, म्हणजे चित्र दाबून साठवण्याच्या पद्धती, मान्य आहेत : एमपेग-२, व्हीसी-१ आणि एच.२६४. लग्नाच्या डिस्कवर प्रामुख्याने तिसरा सापडतो, कारण सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेली एव्हीसीएचडी ही कॅमेऱ्यांची पद्धत त्यावरच उभी आहे. आवाज बहुधा एसी-३ मध्ये असतो आणि चित्र-आवाज दोन्ही ‘एम२टीएस’ या आवरणात बांधलेले असतात. चित्र, आवाज आणि आवरण या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवले की निम्मे काम झाले. मोबाईलला एच.२६४ चांगलेच कळते. तो अडतो आवरणापाशी किंवा आवाजापाशी. चित्र दिसते पण मंगलाष्टके ऐकू येत नाहीत, या तक्रारीचे मूळ बहुधा एसी-३ मध्ये असते. अशा वेळी एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाने चित्राचा प्रवाह जसाच्या तसा उचलावा, आवाज तेवढा एएसीत बदलावा आणि एमपी४ चे आवरण द्यावे. काही मिनिटांत काम होते आणि चित्राचा एक बिटही बदलत नाही.

चित्राचे पुन्हा एन्कोडिंग केले तर नेमके काय जाते? १९२० × १०८० बिंदूंचे, सेकंदाला २५ फ्रेमचे चित्र न दाबता साठवले तर सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट लागतात. कॅमेरा ते २४ किंवा १७ मेगाबिटमध्ये बसवतो. बारीक पोत आणि अंधारातले सूक्ष्म फरक तेव्हाच गोलबेरीज होऊन गेलेले असतात. दुसरा कोडेक हे उरलेले चित्र उलगडतो, आपल्या ठोकळ्यांत नव्याने कापतो आणि पुन्हा गोलबेरीज करतो. पहिल्या कोडेकने केलेले डागही त्याला खरे चित्रच वाटतात आणि ते जपण्यात तो बिट खर्च करतो. रात्रीच्या परण्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, हे सर्वांत ठळक दिसते. काळ्या आभाळातला कॅमेऱ्याचा ‘दाणा’ बिट खाऊन टाकतो आणि नवरदेवाच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात.

खरी मेख मात्र इंटरलेसिंगमध्ये आहे. आपल्याकडच्या अशा कॅमेऱ्यांचे चित्रण बहुधा ‘५०आय’ असते : सेकंदाला ५० अर्धी चित्रे, एकदा सम ओळी, एकदा विषम ओळी. प्रत्येक अर्धे चित्र वेगळ्या क्षणाचे असते. मोबाईलचा पडदा पूर्ण फ्रेम दाखवतो. दोन अर्धी नुसती जुळवली की हलगी वाजवणाऱ्याच्या हातावर कंगव्यासारखे दाते दिसतात. असे दाते दिसले, तर चित्राचे रूपांतर करणे योग्यच. पण इथे बहुतेक जण ‘२५ फ्रेम’ निवडतात आणि हालचालीचे निम्मे क्षण फेकून देतात. लेझीम आणि नाच तुटक दिसू लागतात. योग्य वाट म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्रातून एक पूर्ण फ्रेम घडवून सेकंदाला ५० फ्रेम ठेवणे. एफएफएमपेगमधली ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ चाळणी हे काम चांगले करते. एक्स२६४ हा एन्कोडर वापरत असाल तर सीआरएफ हा दर्जा ठरवणारा आकडा १८ च्या आसपास ठेवा. हा आकडा सहाने वाढला की फाईल साधारण निम्मी होते, पण दर्जाही घसरतो.

जुन्या सिनेमांच्या काही डिस्क व्हीसी-१ मध्ये आहेत. तो कोडेक मोबाईलला सहसा पेलत नाही. मात्र त्यांना कॉपी रोखणारे कुलूप असते आणि हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणे कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ नुसार गुन्हा आहे. घरच्या चित्रणाला ही अडचण नाही.

दोन गोष्टी कामाच्या ओघात सुटतात. कॅमेरा लांब चित्रण तुकड्यांत साठवतो. फक्त ‘स्ट्रीम’ फोल्डर उचलून तुकडे कसेही जोडले तर सांध्यावर आवाज गचकतो, आणि तो सांधा नेमका ‘शुभमंगल सावधान’वर येऊ शकतो. म्हणून ‘बीडीएमव्ही’ हे संपूर्ण फोल्डर उतरवावे. दुसरे, रूपांतर चालू असताना वीज गेली तर एमपी४ फाईल बहुधा उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. लांब कामात आधी एमकेव्ही करावी आणि मग आवरण बदलावे.

२४ मेगाबिटचे तासभराचे चित्रण सुमारे ११ जीबी भरते. आजच्या हार्ड डिस्कवर ती जागा फार नाही. उलट डीव्हीडी-आरवरचा सेंद्रिय रंगथर उष्णतेने खराब होतो, आणि बीडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत तो किती टिकणार? मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून केलेल्या चित्रणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ग्राहकच असतो. कॉपीराइट कायद्याचे कलम १७ तसे सांगते. म्हणून स्टुडिओत डिस्क द्याल तेव्हा मोबाईलच्या प्रतीसोबत न बदललेले मूळ फोल्डरही हार्ड डिस्कवर मागून घ्या. या उन्हाळ्याआधीच घ्या.