उत्प्रेरक परिवर्तक आणि त्याची परीक्षा : एका विलंबाचा इतिहास

मोटारींच्या प्रदूषणाचा इतिहास लिहिताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजेच उत्प्रेरक परिवर्तक, केव्हा सक्तीचा झाला याची नोंद आवर्जून केली जाते. बसविलेला परिवर्तक काम करतो की नाही हे कोण व केव्हा पाहू लागले, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घेतला आहे.

१९५० च्या दशकाच्या आरंभी आरी हागेन-स्मिट या रसायनज्ञाने लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे मूळ मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे व सूर्यप्रकाश यांच्या अभिक्रियेत असल्याचे दाखविले. अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला आणि १९७५ च्या प्रारूपांपासून बहुतेक नव्या मोटारींत परिवर्तक बसू लागले. पेट्रोलमधील शिसे उत्प्रेरकास निकामी करते. म्हणून शिसेविरहित पेट्रोलच्या नळीचे तोंड अरुंद ठेवण्यात आले. तरीही स्वस्त पेट्रोलच्या मोहाने टाकीचे तोंड रुंद करून घेणारे मालक निघालेच. परिवर्तक जागेवर होता, पण मृत होता. आणि वाहनात तसे सांगणारे काहीही नव्हते.

कॅलिफोर्नियाने १९८८ च्या प्रारूपांपासून वाहनातच दोषनिदान यंत्रणा सक्तीची केली. परंतु परिवर्तकाची कार्यक्षमता तिच्या कक्षेबाहेरच होती. ही उणीव दुसऱ्या पिढीच्या यंत्रणेने भरून काढली. ती १९९४ पासून टप्प्याटप्प्याने आली व १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना लागू झाली.

तिची पद्धत विचारात घेण्याजोगी आहे. परिवर्तकाच्या आधी व नंतर एकेक ऑक्सिजन संवेदक असतो. इंजिनातील मिश्रण सतत किंचित इंधनाधिक व किंचित वायुअधिक होत राहते, त्यामुळे पहिल्या संवेदकाचा संकेत झपाट्याने वरखाली होतो. निरोगी परिवर्तकातील सिरियम ऑक्साइड प्राणवायू साठवते व गरजेप्रमाणे सोडते. परिणामी दुसरा संकेत जवळपास स्थिर राहतो. उत्प्रेरक जीर्ण झाला की दुसरा संकेतही पहिल्यासारखा हेलकावू लागतो आणि चालकासमोरचा दिवा लागतो. म्हणजे येथे प्रदूषक मोजलेच जात नाहीत. मोजली जाते ती प्राणवायू साठविण्याची क्षमता, आणि तीवरून शुद्धीकरणाचे अनुमान काढले जाते. या दोहोंचा संबंध सरळ रेषेचा नाही. इतिहासकाराला असे अप्रत्यक्ष पुरावे परिचित आहेत!

भारतात एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला व तेथेच शिसेविरहित पेट्रोलही आले. देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले ते २००० साली. मधल्या काळात मुंबईची मोटार दूर गावी जाऊन तेथील पेट्रोल भरत असेल, तर तिच्या परिवर्तकाचे काय होत असेल याची कल्पना करता येते. पीयूसी केंद्रावर पेट्रोल मोटारीचे इंजिन जागच्या जागी चालवून कार्बन मोनॉक्साइड व पुढे हायड्रोकार्बनही मोजले जाई; नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी त्यात नव्हती. भारत स्टेज-४ मानकांबरोबर २०१० मध्ये दोषनिदानाचा पहिला टप्पा आला. परिवर्तकाच्या कार्यक्षमतेची देखरेख मात्र एप्रिल २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यातच बंधनकारक झाली.

अमेरिकेत साधन व त्याची परीक्षा यांत सुमारे वीस वर्षांचे अंतर पडले, आपल्याकडे अठरा. अमेरिकेला ते तंत्र घडवावे लागले होते. आपल्यासमोर १९९६ पासून ते तयार होते. हा विलंब तांत्रिक नव्हे, धोरणात्मक होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या अठरा वर्षांत रस्त्यावर आलेल्या मोटारींच्या परिवर्तकांविषयी पीयूसीच्या कागदाखेरीज नियमित दस्तऐवज निर्माणच झाला नाही.