खंडोबाची यात्रा आणि देवाचा टाक

१९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले आणि चित्रातल्या उंदराच्या भेटीसाठी सहकुटुंब प्रवास आखण्याची चाल जगभर पसरली. परंतु आवडत्या रूपाच्या ओढीने घर सोडावे व त्याची खूण विकत घेऊन परतावे, हे मराठवाड्याला नवे नव्हे.

शिरूर अनंतपाळच्या मुलखातून नांदेड जिल्ह्यातील माळेगावची वाट धरावयाची ती मार्गशीर्ष वद्यात, खंडोबासाठी. निजामी अमलात, म्हणजे १९४८ पर्यंत, हा प्रवास बहुधा बैलगाडीचा. तेव्हा चारा, शिदोरी, मुक्काम यांचा हिशेब आधीच मांडावा लागे. पुरुष घोड्या-उंटांच्या बाजारात रमत. बायकामुलांचे पाय भंडारा-खोबऱ्याच्या दुकानांकडे वळत.

खंडोबाच्या यात्रांतून देवाचे टाकही घेतले जात. घोडा, खड्ग, शेजारी म्हाळसा, पायाशी कुत्रा. निरक्षरासही देव तत्काळ ओळखू येई. खेळण्याशी असलेले साम्य मात्र येथेच संपते. टाक देव्हाऱ्यात बसला की तो कुळाचा होई. भाऊ विभक्त झाले की जुने टाक बहुधा वडील भावाकडे राहत आणि धाकट्याच्या नव्या चुलीसाठी नवा टाक लागे. हौसेने निघालेल्या गाडीत असे एखादे दुभंगलेले घरही बसलेले असे. परतताना त्याला स्वतःचा देव मिळालेला असे.