शिदोरी कुणाची, नाव कुणाचे?

मध्ययुगीन युरोपातील वैद्यकाचा विषय निघाला की आपल्या सभा-संमेलनांतून इब्न सीना आणि अल्-राझी ही दोन नावे हमखास घेतली जातात. टाळ्याही पडतात. पण अरबीतले ते इल्म लॅटिनमध्ये पोचले कसे, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

दक्षिण इटलीतील सालेर्नो हे शहर अकराव्या शतकात वैद्यांसाठी प्रसिद्ध होते. १०७७च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतून कॉन्स्टन्टाईन नावाचा विद्वान तेथे आला. पुढे मॉन्टे कॅसिनोच्या ख्रिस्ती मठात राहून त्याने अनेक अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणले. युरोपावर त्याचे हे उपकार मोठे आहेत. त्यांपैकी एक ग्रंथ कैरवानच्या इब्न अल्-जज्जारचा ‘जाद अल्-मुसाफिर’. म्हणजे प्रवाशाची शिदोरी. डोक्यापासून पायांपर्यंतचे रोग आणि त्यांचे उपचार त्यात सात भागांत सांगितले आहेत. लॅटिन भाषांतराचे नाव ‘वियाटिकम’. अर्थ तोच, शिदोरी. ती मुक्कामी पोचली, बांधून देणाऱ्याचे नाव मात्र वाटेत गळाले.

अली इब्न अब्बास अल्-मजूसीच्या ‘किताब अल्-मलिकी’चेही तेच झाले. ‘पान्तेग्नी’ नावाने हा ग्रंथ युरोपभर गेला, पण त्यावर मूळ लेखकाचे नाव नव्हते. याच कॉन्स्टन्टाईनने यहुदी हकीम इसहाक इस्राईली यांच्या ग्रंथांवर त्यांचे नाव राहू दिले, आणि हे इसहाक तर इब्न अल्-जज्जारचे उस्ताद! शेवटी ११२७मध्ये अँटिऑक येथे स्टीफन या ख्रिस्ती भाषांतरकाराने ‘अल्-मलिकी’ नव्याने लॅटिनमध्ये आणला, लेखकाला त्याचे नाव परत दिले आणि कॉन्स्टन्टाईनला दोष दिला. अन्याय दाखवून देणाराही ख्रिस्तीच होता, हे आपण विसरू नये.

बाराव्या शतकात तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने इब्न सीनाचा ‘अल्-कानून’ भाषांतरित केला. युरोपातील विद्यापीठांतून तो कित्येक शतके शिकवला गेला. इब्न सीनाचा तेथे ‘अव्हिसेन्ना’ झाला. उच्चार बदलला तरी माणूस हरवला नाही.

मग आपल्या पूर्वसूरींची रीत काय होती? नवव्या शतकात बगदादमध्ये गालेनचे ग्रंथ सिरियाक व अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता, आणि मुसलमान हकिमांनी त्याचे नाव आदराने जपले. अल्-राझीच्या ‘अल्-हावी’त कोणते मत कोणाचे, हे जागोजाग नोंदलेले आहे. त्यात गालेन आहे, तसेच आपल्या भूमीतले चरक आणि सुश्रुतही आहेत. हकीमसाहेबांच्या दवाखान्यावरची पाटी आजही ‘युनानी’ म्हणते. युनानी म्हणजे ग्रीक. हजार वर्षांनंतरही ते ऋण उघडपणे सांगितले जाते.

इल्म ही अमानत आहे. आमचे नाव गाळले, अशी तक्रार करताना आपणही चरक, सुश्रुत, गालेन आणि हुनैन यांची नावे घ्यायला हवीत. अल्-राझीने ती घेतली होती.