सोसायटीच्या बागेतील घसरगुंडी आणि झोपाळे: मुलांच्या दुखापती कशा टाळाल?

खेळताना पडलेले मूल दवाखान्यात आणले की मी पालकांना आधी विचारतो, कशावर पडले? किती लागेल हे उंचीइतकेच खालच्या जमिनीवर ठरते. बऱ्याच सोसायट्यांमध्ये झोपाळ्याखाली पेव्हर ब्लॉक किंवा कोबा असतो. दिसायला स्वच्छ, पण डोक्यासाठी सर्वांत वाईट. तिथे साधारण ३० सेंटिमीटर खोल मऊ वाळू किंवा खेळाच्या जागेसाठीचे जाड रबर मॅट हवे, खेळण्याच्या सर्व बाजूंना निदान ६ फूट. झोपाळ्याच्या पुढे-मागे आणखी जास्त. वाळू पायांनी सरकते, पावसात दबते, म्हणून ती उकरून भर घालावी लागते. कमिटीने नव्या रंगाआधी हा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

महिन्यातून एकदा कुणीतरी सैल नट-बोल्ट, झिजलेल्या कड्या आणि गंजलेल्या कडा तपासाव्यात. मोडलेला झोपाळा काढूनच ठेवा. 'वापरू नये' ही पाटी लहान मुले वाचत नाहीत. पत्र्याची घसरगुंडी दुपारी तापून भाजते, आधी हात लावून पाहा. ओढणी किंवा गळ्यातली दोरी अडकून फास बसू शकतो, ती काढून मगच खेळायला सोडा.

लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येणे सुरक्षित वाटते, पण तसे नाही. मुलाचा बूट कडेला अडकतो आणि मोठ्या माणसाच्या वजनाच्या जोराने नडगीचे हाड मोडू शकते. नंतर मूल पाय टेकत नसेल तर मुरगळले समजून तेल चोळू नका, एक्स-रे काढून घ्या.

डोक्यावर पडल्यानंतर शुद्ध हरपणे, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, वाढती डोकेदुखी, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी, कान-नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा; महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. मान दुखत असेल किंवा मूल बेशुद्ध असेल तर उचलून हलवू नका. सुरुवातीला ठीक वाटले तरी पहिले २४ तास लक्ष ठेवा.

खरचटल्यास जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, चुना लावू नका. धनुर्वाताचा संबंध फक्त गंजाशी नाही, माती लागलेल्या जखमेतूनही तो होतो. लसीकरणाचे कार्ड सोबत आणा. ५ ते ६ वर्षांचा बूस्टर आणि १० व्या वर्षीचा डोस बऱ्याच मुलांचा राहून गेलेला असतो.