कपाळावरचा काळा ठिपका

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही मंडळाच्या कपाटातला एक जुना फोटो बाहेर काढला. इंदूरच्या एका वाड्यातला गणपती, पुढे सतरंजीवर मुले, मागे पगडी-टोपीतले पुरुष आणि कडेला नऊवारीतल्या सात बायका. फोटोवर बुरशीचे ठिपके पडले होते. मंडळातल्या एका मुलाने तो स्कॅन करून संगणकावर स्वच्छ करून दिला. छापायला देण्याआधी आम्ही तो आमच्या ज्येष्ठ सभासद आजींना दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मावशीचं कुंकू कुणी रे पुसलं? ती तर सवाशीण गेली."

मुलगा गोंधळला. त्याने पुसला होता तो एक काळा डाग.

कुंकू काळे का, याचे उत्तर जुन्या छायाचित्रणात आहे. त्या काळच्या काचांवरचा लेप निळ्या उजेडाला चटकन प्रतिसाद देई, लाल रंग मात्र त्याला जवळजवळ दिसतच नसे. म्हणून लाल कुंकू फोटोत काळे येई. त्याच कारणाने चेहऱ्यावरचे तांबूस डाग आणि वांग असतील त्याहून गडद उमटत आणि गिऱ्हाईक नाराज होई. रिटचिंगची गरज वाढली ती यामुळेही.

म्युनिकच्या फ्रान्झ हान्फ्स्टेंगल यांनी १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच व्यक्तीचे दोन फोटो मांडले, एक जसाच्या तसा आणि दुसरा निगेटिव्हवर हात फिरवून काढलेला. लोक चकित झाले. पुढे ही कला स्टुडिओंत रुळली. कारागीर उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवी, खालून उजेड घेई आणि टोकदार पेन्सिलीने नेमक्या जागी बारीक ठिपके देई. निगेटिव्हवर जिथे शिसे बसे तिथून उजेड कमी जाई, म्हणून छापील फोटोत ती जागा उजळ होई. देवीचे व्रण असे भरले जात. एखादी जागा गडद हवी असेल तर चाकूने लेप हलकेच खरवडत. खरवडलेले मात्र परत येत नसे.

आपल्या इंदूरचाही या इतिहासात वाटा आहे. लाला दीनदयाळ इथल्या बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७४च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आश्रय दिला. पुढे ते हैदराबादला निजामाचे राजछायाचित्रकार झाले. त्या काळच्या मोठ्या स्टुडिओंत फोटो काढणारा वेगळा आणि रिटचिंग करणारा वेगळा असे. आपल्या घरांतल्या भिंतींवरचे कितीतरी पणजोबा-पणजी अशा निनावी हातांखालून गेलेले आहेत.

१९९० साली नोल बंधूंचे फोटोशॉप बाजारात आले. त्यातल्या 'डॉज' आणि 'बर्न' या हत्यारांची चित्रे आजही डार्करूमची आठवण देतात: उजेड अडवायची काडीवरची चकती आणि उजेड नेमका सोडणारी मूठ. २००२ साली 'हीलिंग ब्रश' आला. तो शेजारच्या चांगल्या भागाचा पोत उचलून डागावर बसवतो आणि उजेड-सावलीही जुळवून घेतो. पेन्सिलीचे काम निगेटिव्ह तिरकी धरली की दिसते. हे काम डोळ्यांना दिसत नाही. मावशींचे कपाळ इतके स्वच्छ झाले होते की तिथे काही होते असा संशयही येऊ नये. डाग कुठला आणि कुंकू कुठले, हे ब्रशला कळत नाही. ते आजींना कळले.

मूळ स्कॅन मुलाने जपून ठेवले होते, म्हणून कुंकू परत आणता आले. आमची सर्वांना विनंती आहे: घरचे जुने फोटो स्वच्छ करण्याआधी मूळ स्कॅन वेगळे ठेवा, घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा आणि माणसांची नावे आजच लिहून घ्या.

आता त्या फोटोत सहा कपाळांवर काळे ठिपके आहेत. सातवी बाई खांबाआड अर्धी उभी आहे, डोक्यावरून पदर घेतलेली. तिच्या कपाळावर मूळ फोटोतही काही नाही. आजींना तिचे नाव आठवले नाही. तिथे आम्ही हात लावलेला नाही.